रेतीला रंग कशामुळे येतो? ओळखण्याचा क्रम चुकवू नका

दिवाळीच्या सुट्टीत कोकणची नाहीतर कन्याकुमारीची सहल होते आणि पुढे विज्ञान प्रदर्शनात रेतीच्या डब्या मांडल्या जातात. काळी, लाल, पांढरी, एखादी हिरवट, शेजारी गावच्या घाटावरची पिवळी. डब्या छान असतात. खाली चिकटवलेल्या चिठ्ठ्या मात्र हमखास चुकतात. काळी दिसली की ‘लोखंड’, चमकली की ‘सोनं’, पांढरी म्हणजे ‘शिंपले’, हिरवी म्हणजे ‘केमिकल’. परीक्षकांनी ‘कशावरून?’ एवढंच विचारलं की पोरं गुरुजींकडे बघतात आणि गुरुजी छताकडे.

यात माहिती कमी पडते त्यापेक्षा क्रम जास्त चुकतो. ओली, न धुतलेली रेती तळहातावर घेऊन थेट खनिजाचं नाव घेतलं जातं. रेतीला रंग तीन ठिकाणांहून येतो. एक, कणाच्या पोटातून: तो ज्या खनिजाचा किंवा खडकाचा आहे, त्याचाच रंग. दोन, कणाच्या अंगावरून: वर बसलेला गंजाचा पातळ थर. तीन, कणांच्या मधल्या फटींतून: गाळ, शेवाळ, कुजका पाला, राख. या तिघांपैकी कोणतं, हे ठरल्याशिवाय खनिजाकडे वळायचं नाही. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावलेत.

पद्धत समुद्राच्या आणि नदीच्या रेतीला सारखीच लागू पडते. किनाऱ्यावरची पुडी एकदाच मिळते आणि चमचाभरच असते. म्हणून सराव आधी आपल्या नदीच्या रेतीवर करा आणि हात बसला की पुडी उघडा.

## निघण्याआधी काय जमवायचं

दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग. काचेचं स्वस्तातलं चालेल, पण दोन पटीचं वाचायचं भिंग उपयोगाचं नाही. त्यातून कणाची कड दिसत नाही.

दोन चुंबकं, एक साधं आणि एक जोरदार. साधं म्हणजे बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं काळं गोल चुंबक. जोरदार म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या हार्ड डिस्कमधलं चकचकीत निओडिमियम चुंबक; मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सांगून ठेवलं तर मिळतं. दोन्ही लागतील. का ते चौथ्या टप्प्यात कळेल.

बाकी सामान घरचंच: कड असलेलं स्टीलचं ताट, पांढरी चिनीमातीची बशी, चहाची गाळणी, जुन्या सुती धोतराचा तुकडा, पांढरं व्हिनेगर, औषधाचा ड्रॉपर, टाचणी, काचेचे दोन पेले, झिपच्या पिशव्या, पेन्सिल. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा. शाई ओल्या पिशवीत पसरते. पाठीमागून पांढरी आणि खरखरीत असलेली फरशीची एक कपची मिळाली तर घ्या. चकाकणारी बाजू चालत नाही.

वेळ हिवाळ्यातली. पावसाळ्यानंतर पाणी उतरलेलं असतं आणि पुराने नव्याने टाकलेली रेती उघडी पडलेली असते.

सावधान: रेती उपसलेल्या घाटावर पाण्याखाली खड्डे असतात. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडू शकतं. पोट्ट्यांना पाण्यात उतरवू नका, कोरड्या पात्रातूनच नमुना घ्या. गोसीखुर्दसारख्या धरणाच्या खालच्या अंगाला असाल तर पाणी सोडण्याची सूचना आहे का, हे आधी विचारा.

आणखी एक. संध्याकाळी थैली आणि फावडं घेऊन घाटावर उभ्या माणसाकडे महसूलचं पथक कोणत्या नजरेने बघतं, ते वेगळं सांगायला नको. दिवसा जा, चमचा घेऊन जा, तलाठ्याच्या कानावर घालून जा. व्याघ्र प्रकल्पाच्या किंवा अभयारण्याच्या हद्दीतून काहीच उचलायचं नाही. लोणार सरोवराचा परिसर त्यातच येतो.

## टप्पा १: नमुना घेणे

एका जागेची रेती म्हणजे नदीची रेती नव्हे. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी मंदावतं, तिथे हलकी रेती साचते. मोठ्या दगडाच्या आडोशाला किंवा लाटेसारख्या उठलेल्या वळ्यांच्या खाचेत जड, काळपट कण अडकून राहतात. दोन्हीकडचे नमुने घ्या, पण वेगवेगळ्या पिशव्यांत. वरचा बोटभर थर बाजूला सारून खालची रेती घ्या. चार चमचे पुरतात.

समुद्रावरही हेच. भरतीच्या ओळीजवळ वाऱ्याने आणलेली बारीक कोरडी रेती एक, आणि लाटा खेळतात त्या उतारावरची ओली रेती दुसरी. वादळी लाटांनंतर उतारावर काळे किंवा जांभळट पट्टे उमटतात, कारण लाट हलके क्वार्ट्झचे (गारगोटीचे) कण परत ओढून नेते आणि जड कण मागे राहतात. तो पट्टा म्हणजे सगळा किनारा नव्हे. बहुतेक लोक नेमका तोच उचलतात, दिसायला सुंदर म्हणून, आणि लिहितात ‘इथली रेती काळी आहे’. पट्ट्यातली आणि पट्ट्याबाहेरची, दोन्ही घ्या आणि तसं लिहा.

नमुना कुठून घ्यायचा नाही: पुलाखालून, कपडे धुण्याच्या घाटावरून, वीटभट्टीच्या कडेने, वेल्डिंगच्या दुकानामागच्या नाल्यातून आणि विसर्जनाच्या घाटावरून. मूर्तींचा रंग तिथल्या रेतीत राहू शकतो. लाल कण सापडला म्हणून आनंद झाला आणि तो निघाला गणपतीच्या पाटाचा, असं नको.

तपासा: प्रत्येक पिशवीत पेन्सिलची चिठ्ठी आहे? गाव, नदी, कोणता काठ, पाण्यापासून किती दूर, तारीख. घरी जाऊन लिहू म्हटलं की पिशव्या मिसळतात.

## टप्पा २: धुणे, आणि धुण्याचं पाणी न फेकणे

नमुन्याचे आधी दोन भाग करा. एक भाग आहे तसाच, न धुता, बंद करून ठेवा. हा साक्षीदार. पुढे काही गडबड झाली तर याच्याकडे परत यायचं.

दुसरा भाग काचेच्या पेल्यात घ्या, दुप्पट पाणी घाला, काडीने ढवळा आणि मनात वीसपर्यंत मोजा. रेती खाली बसेल, गाळ वर तरंगत राहील. ते गढूळ पाणी दुसऱ्या पेल्यात ओता. हाच पेला निम्म्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि हाच लोक मोरीत रिकामा करतात.

त्या पाण्याचा रंग बघा. रेती तपकिरी दिसत होती आणि पाणी तपकिरी होऊन रेती उजळली, तर रंग कणांच्या मधल्या मातीचा होता. पश्चिम विदर्भात पूर्णा, काटेपूर्णा, मन यांच्या काठची काळपट रेती धुतली की बरीचशी काळी माती सुटते. समुद्राच्या खाडीजवळची रेती काळी असेल आणि पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तो चिखलात हवेविना कुजलेल्या पाल्यातून तयार झालेला लोहाचा सल्फाइड. तो पसरून हवेवर ठेवला की करडा-तपकिरी होतो. खनिजाची काळी रेती हवेवर तशीच काळी राहते.

पाणी हिरवट आणि बुळबुळीत झालं तर शेवाळ. पाण्यावर काळे हलके कण गोल फिरत राहिले आणि उशिरा बसले तर कोळसा; त्याची घनता जेमतेम १.३ ते १.५ असते. वणी, घुग्घुस, बल्लारपूरच्या बाजूने वर्धा नदीच्या रेतीत असे कण भेटले तर नवल नाही. कागदावर घासले की काळी रेघ उठते.

पाणी निर्मळ येईपर्यंत धुवा. समुद्राची रेती गोड्या पाण्याने दोनदा जास्त धुवा, नाहीतर वाळल्यावर मिठाचे पांढरे कण दिसतील आणि तुम्ही त्यांना क्वार्ट्झ म्हणाल. मग धोतराच्या कापडावर पसरून सावलीत वाळवा. तव्यावर भाजू नका. तापवल्याने पिवळा गंजाचा थर लालसर होतो आणि मूळ रंग हातचा जातो.

बाजारातून आणलेल्या पुडीसाठी एक जास्तीची परीक्षा. कन्याकुमारीला विक्रेते रंगीत रेतीच्या पुड्या विकतात. तिथल्या रेतीत लाल गार्नेट, काळा इल्मेनाइट, पिवळसर मोनाझाइट ही खनिजं खरोखरच असतात, त्यामुळे लाल-काळ्या पुडीवर उगाच शंका घेऊ नका. गडद निळी किंवा पोपटी पुडी असेल तर चिमूटभर रेती पांढऱ्या कपात गरम पाण्यात टाकून तासभर ठेवा. पाणी रंगलं तर रेती रंगवलेली आहे आणि पुढचे टप्पे करायची गरज नाही.

तपासा: वाळलेली रेती आणि साक्षीदार शेजारी ठेवा, साक्षीदारावर पाण्याचा थेंब टाकू नका. ओली रेती नेहमीच कोरडीपेक्षा गडद दिसते, म्हणून तुलना कोरडीची कोरडीशी. फोटो काढायचा तर पांढऱ्या कागदावर, सावलीत, दुपारी. ट्यूबलाईटखाली पिवळी रेती फिकी दिसते आणि संध्याकाळच्या उन्हात पांढरीसुद्धा सोनेरी.

## टप्पा ३: ताटात हेलकावे देणे

हा टप्पा सगळ्यात मजेचा आणि सगळ्यात घाईत उरकला जाणारा. धुतलेली दोन चमचे रेती ताटात घ्या, बोटभर पाणी घाला. ताट दोन्ही हातांनी धरून थोडं पुढे कलतं करा आणि डावी-उजवीकडे हलके हेलकावे द्या, सुपात धान्य पाखडताना मनगट चालतं तसं. पाणी पुढच्या कडेवरून थोडं थोडं सांडू द्या. खाली परात ठेवायला विसरू नका, हलकी रेतीही हवी आहे.

सुरुवातीला काहीच घडत नाही. मग रेतीच्या ढिगाच्या मागच्या कडेला एक काळी बारीक रेघ दिसायला लागते. हेलकावे देत राहा, पांढरट रेती पुढे सरकत जाते आणि मागे चंद्रकोरीच्या आकाराची काळी किनार उरते. तिच्या आतल्या कडेला कधी लालसर छटा असते. ती किनार म्हणजे तुमचे जड कण.

हे का होतं, ते घनतेच्या आकड्यांवरून कळेल: क्वार्ट्झ २.६५, गार्नेट ३.५ ते ४.३, इल्मेनाइट सुमारे ४.७, मॅग्नेटाइट सुमारे ५.२. किनाऱ्यावर लाट जे काम करते, तेच तुम्ही ताटात करताय.

चूक कुठे होते? ताट गोल गोल फिरवलं की सगळं मधे जमतं, वेगळं काहीच होत नाही. जोरात हिसका दिला की जड कणही सांडतात. आणि भांड्याच्या साबणाचा अंश ताटात राहिला असेल तर जड कण खाली नीट बसतात, हे बरंच. पण ताटाला तेल असेल तर बारीक काळे कण पाण्यावर तरंगून निघून जातात. ताट राखेने किंवा साबणाने घासून घ्या.

जड आणि हलका भाग वेगळे वाळवा. दोन्ही पूर्ण कोरडे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

## टप्पा ४: चुंबक, आधी साधं मग जोरदार

चुंबक उघडं रेतीत घालू नका. बारीक कण त्याच्या अंगाला असे चिकटतात की पुढच्या नमुन्यात आधीच्या नमुन्याचे कण मिसळत राहतात. चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीसकट रेतीवरून फिरवा, दुसऱ्या कागदावर नेऊन चुंबक पिशवीतून वर ओढून काढा. चिकटलेले कण खाली पडतात.

जड भागावर आधी स्पीकरचं साधं चुंबक. त्याला उडी मारून जे चिकटतं ते बहुधा मॅग्नेटाइट, म्हणजे काळं लोहखनिज. ते बाजूला काढल्यावर निओडिमियम चुंबक फिरवा. आता जे काळे कण येतील त्यांत इल्मेनाइट असण्याची शक्यता मोठी, आणि लाल-जांभळट कण आले तर ते गार्नेट. फक्त जोरदार चुंबक वापरलं तर हे सगळं एकदम चिकटतं आणि तुम्ही सरसकट ‘मॅग्नेटाइट’ लिहून मोकळे होता. ही चूक फार होते.

दुसरी चूक पश्चिम विदर्भाची खास. आपल्याकडचा काळा दगड, ज्याची गिट्टी फोडतात तो बेसॉल्ट, त्याच्या पोटातच मॅग्नेटाइटचे अतिबारीक कण असतात. त्यामुळे बेसॉल्टचा अख्खा करडा-काळा कणही जोरदार चुंबकाला चिकटतो. चिकटला म्हणून तो लोहखनिज ठरत नाही. भिंगाखाली बेसॉल्टचा कण मंद, खरबरीत, कधी ठिपक्यांचा दिसतो. मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट यांना धातूसारखी चमक असते.

तिसरी गोष्ट राखेची. औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तलावाखालच्या नाल्यात चुंबकाला चिकटणारे अगदी गोल, गुळगुळीत, मणीदार कण मिळतात. वितळून थिजलेल्या राखेचे ते थेंब. नदीतले खनिजाचे कण घासून गोलसर होतात, पण छऱ्यासारखे एकसारखे गोल होत नाहीत.

सावधान: निओडिमियमची दोन चुंबकं एकमेकांवर आदळली की मधे सापडलेलं बोट फुटतं. गिळली गेली तर आतड्याला धोका असतो. लहान पोरांच्या हातात देऊ नका, मोजून काढा आणि मोजून ठेवा.

## टप्पा ५: व्हिनेगरचा थेंब

आता हलका भाग. त्यातली चिमूटभर रेती बशीत घ्या, ड्रॉपरने व्हिनेगर सोडा आणि कान जवळ न्या. शिंपले, प्रवाळ, चुनखडी यांतलं कॅल्शियम कार्बोनेट असेल तर बुडबुडे येतात, बारीक चुरचुर आवाजही होतो. क्वार्ट्झ गप्प बसतो. व्हिनेगर थोडं कोमट केलं तर मंद प्रतिक्रियाही दिसते.

त्याआधी व्हिनेगरच तपासा. अंड्याच्या कवचाचा तुकडा त्यात टाका. बुडबुडे आले नाहीत तर बाटली जुनी किंवा पाणी घातलेली. हा एक मिनिटाचा सराव केला नाही म्हणून लक्षद्वीपची प्रवाळाची रेतीसुद्धा ‘क्वार्ट्झ’ ठरू शकते.

बुडबुडे आले म्हणजे समुद्राचे शिंपले, असं धरून चालू नका. काळ्या मातीच्या भागात चुन्याचे खडे जागोजाग असतात आणि तेही नदीत येतात. वैनगंगेत गोड्या पाण्यातले शिंपले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात, जिथे सिमेंटचे कारखाने उभे आहेत, तिथे चुनखडकच आहे. तेव्हा बुडबुडे कोणत्या कणातून येतात ते भिंगातून बघा: वक्र, पापुद्र्यासारखा तुकडा असेल तर शिंपला, ओबडधोबड मळकट गोळी असेल तर चुनखडीचा खडा.

सावधान: संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. वर्गात तर अजिबातच नाही. त्याने कणांवरचा गंजही विरघळतो आणि रंगाचा पुरावाच जातो.

हा टप्पा चुंबकाच्या नंतर का? व्हिनेगरने भिजलेले कण वाळल्यावर एकमेकांना चिकटतात आणि लोहाचे कण गंजायला लागतात. उलट क्रमाने केलं की चुंबकाचा निकाल बिघडतो. ज्यावर व्हिनेगर टाकलं ती चिमूट फेकून द्या, डबीत परत टाकू नका.

## टप्पा ६: भिंग, आणि रंगानुसार निकाल

भिंग डोळ्याला टेकवा आणि बशी वर आणा. बशी टेबलावर ठेवून भिंग हवेत धरलं तर काही दिसत नाही. कण टाचणीने एकेक उलटा करा. आता रंगागणिक.

काळी. जगातल्या प्रसिद्ध काळ्या किनाऱ्यांवर, उदाहरणार्थ हवाईचा पुनालुउ किंवा आइसलंडचा रेनिसफ्यारा, ज्वालामुखीच्या खडकाचा चुरा आहे. आपल्या रत्नागिरीत काळा समुद्र आणि पांढरा समुद्र असे दोन किनारे एकाच शहरात आहेत. तिथल्या काळेपणात इल्मेनाइटचा वाटा मोठा आहे, आणि ते आलं सह्याद्रीच्या बेसॉल्टमधूनच. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळचा काळा दगड त्याच दख्खनच्या थरांचा. म्हणजे रत्नागिरीची काळी रेती आणि पूर्णेची काळपट रेती एकाच घराण्यातल्या; फरक एवढाच की समुद्राने जड कण वेचून ठेवलेत आणि नदीत अजून खडकाचे अख्खे तुकडे जास्त आहेत.

काळी पण साध्या चुंबकाला न चिकटणारी, बोटाला काजळी लावणारी असेल आणि नाला तुमसर, रामटेक किंवा सावनेर तालुक्यातून येत असेल, तर मँगनीजचा विचार करा. डोंगरी बुजुर्ग, चिखला, मनसर, कांद्री, गुमगाव इथे मँगनीजच्या खाणी आहेत.

लाल आणि पिवळी. इथे अंगावरचा रंग आणि पोटातला रंग वेगळा काढायचा. एक कण दोन नाण्यांमध्ये दाबून फोडा. आत पांढरा, काचेसारखा निघाला आणि लाल फक्त बाहेर असेल, तर तो गंज चढलेला क्वार्ट्झ. वैनगंगा-कन्हानची सोनेरी रेती बहुतांशी हीच: क्वार्ट्झ, फेल्डस्पार (ग्रॅनाइटमधलं दुसरं मुख्य खनिज) आणि वर पिवळसर लोहाचा मुलामा. खात्री करायची तर चिमूटभर रेती लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. मुलामा फिका पडतो, पाणी पिवळसर होतं.

आतूनही लाल असेल तर फरशीच्या खरखरीत पाठीवर घासा. विटकरी-लाल रेघ आली तर हेमॅटाइट. गडचिरोलीत सूरजागडच्या डोंगरात त्याचा साठा आहे. रेघ पांढरीच आली, कण काचेसारखा आणि जड असला तर गार्नेट. लाल म्हणजे लोह हे साधारण बरोबर आहे, पण ‘लोह’ लिहून थांबू नका. मुलामा, हेमॅटाइट की गार्नेट ते लिहा. हवाईचा काइहालुलु किनारा लाल आहे तो ज्वालामुखीच्या राखेच्या टेकडीतल्या गंजलेल्या लोहामुळे.

पांढरी. दोन अगदी वेगळ्या गोष्टी. ऑस्ट्रेलियाचा व्हाइटहेवन किनारा जवळजवळ निव्वळ सिलिकाचा आहे, सुमारे ९८ टक्के. लक्षद्वीपची पांढरी रेती प्रवाळाची. दिसायला सारख्या, व्हिनेगरखाली लगेच वेगळ्या. प्रवाळाच्या रेतीचा बराच भाग पॅरटफिश जातीचे मासे तयार करतात. ते प्रवाळ कुरतडतात आणि न पचलेला चुरा रेती म्हणून बाहेर टाकतात. प्रदर्शनात पोरांना हे सांगितलं की त्या डबीपुढची गर्दी हलत नाही.

गुलाबी. बहामाच्या हार्बर आयलंडवरचा गुलाबी रंग होमोट्रेमा रुब्रम या सूक्ष्म सागरी जीवाच्या लाल कवचांचा. म्हणून ती रेती व्हिनेगरला बुडबुडे देते. आपल्या पूर्व विदर्भातल्या नद्यांमध्ये गुलाबी कण दिसला तर तो बहुतेक ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार जुना खडक) यांतला फेल्डस्पार: सपाट तुटलेल्या चकचकीत कडा, बुडबुडे नाहीत. लोणारचं २०२० च्या जूनमधलं गुलाबीपण या यादीत घुसडू नका. ते पाण्यातल्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आलं होतं, रेतीचा त्याच्याशी संबंध नाही.

हिरवी. हवाईचा पापाकोलिया किनारा ऑलिव्हिन या खनिजामुळे हिरवा आहे. ऑलिव्हिन हवा-पाण्यात लवकर कुजतं, म्हणून जवळच ताजा पुरवठा असेल तिथेच असा किनारा टिकतो. पापाकोलियाला मागची ज्वालामुखीची टेकडी तो पुरवते. आपल्याकडे हिरवा कण दिसला तर आधी तीन साध्या शंका फेडा. शेवाळ? नखाने खरवडलं जातं. बाटलीची काच? कड धारदार किंवा एकसारखी घासलेली, आत कधी हवेचा बुडबुडा. आणि बेसॉल्टच्या पोकळ्यांतलं सेलाडोनाइट? मातकट, मऊ, निळसर हिरवं.

जांभळी. कॅलिफोर्नियाच्या फायफर किनाऱ्यावरचे जांभळे पट्टे गार्नेटचे. पावसाळी पाणी डोंगरातून ते खाली आणतं. पूर्व विदर्भातल्या जुन्या शिस्ट खडकांत, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकांत, गार्नेट असतं, तेव्हा ताटातल्या काळ्या किनारीच्या आतली ती लालसर छटा भिंगाखाली जरूर बघा.

चमकणारी. सोन्याचा निकाल टाचणीने लागतो. चमकणारा कण टाचणीने टोचा. पापुद्रे सुटले, वाकून परत सरळ झाला, तर अभ्रक. ऊन-पावसाने कुजलेलं काळं अभ्रक हुबेहूब सोनेरी होतं. शिवाय ताटात ते पहिल्यांदा सांडतं. सोन्याची घनता १९ च्या वर आहे, ते काळ्या रेघेच्याही मागे राहिलं असतं.

## टप्पा ७: उगमाकडे बघणे

घरी बसून करायचा हा टप्पा. रेती जिथे सापडली तिथला खडक बघून उपयोग नाही, वरच्या अंगाला काय आहे ते बघायचं. विदर्भाची ढोबळ विभागणी अशी: पश्चिमेला आणि मधे दख्खनचा बेसॉल्ट, पूर्वेला भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे जुने ग्रॅनाइट-नाइस आणि शिस्ट, वर्धा खोऱ्यात कोळसा असलेले गोंडवनाचे वालुकाश्म. वर्धा नदी मुलताईजवळ उगम पावून आधी बेसॉल्टमधून आणि मग वालुकाश्मांतून वाहते. म्हणून वरच्या भागातली तिची रेती काळपट आणि खाली चंद्रपूरकडे मिश्र, हे अपेक्षितच आहे.

तुमचा निकाल आणि वरचा खडक जुळत नसेल तर निकाल पुन्हा तपासा. वैनगंगेच्या नमुन्यात काळी गिट्टी भरपूर दिसली तर आधी पूल किंवा रस्त्याचं काम जवळ होतं का ते विचारा.

किनाऱ्यावरच्या रेतीलाही हाच प्रश्न, फक्त त्यात एक वाट वाढते: रेती जमिनीकडून नदीने आणली, की समुद्रातल्या जीवांनी बनवली? पाचव्या टप्प्याचा निकाल इथे कामी येतो.

## टप्पा ८: चिठ्ठी

‘काळी रेती – लोहामुळे’ याऐवजी अशी चिठ्ठी लिहा:

*मांडवी किनारा, रत्नागिरी. लाटांच्या उतारावरचा काळा पट्टा. धुतल्यावरही काळी. ताटात बहुतेक सगळी मागे राहिली. साध्या चुंबकाला थोडी, जोरदार चुंबकाला बरीच चिकटली. व्हिनेगरला हलक्या भागातून थोडे बुडबुडे, वक्र तुकड्यांतून. निष्कर्ष: इल्मेनाइट, थोडं मॅग्नेटाइट, शिंपल्यांचा चुरा. रंग कणाच्या पोटातला.*

निष्कर्षाच्या आधी चाचण्या आल्या की ‘कशावरून?’चं उत्तर चिठ्ठीतच असतं. एखादा कण ओळखता आला नाही तर ‘काळसर, जड, चुंबकाला न चिकटणारा’ एवढंच लिहा.

साक्षीदार नमुना चिठ्ठीसह डबीमागे ठेवा, परीक्षकांनी मागितला तर दाखवायला. नदीची उरलेली रेती घाटावर परत टाका. केरळ-कन्याकुमारीकडची पिवळसर जड रेती मात्र वेगळी सांभाळा: मोनाझाइटमध्ये थोरियम असतं आणि ते खनिज अणुऊर्जा कायद्याखाली नियंत्रित आहे. चिमूटभराने घाबरायचं कारण नाही, पण ती कुटू नका, चाळून धूळ उडवू नका, पोरांच्या खिशात ठेवू देऊ नका, आणि पुढच्या सहलीत ती किलोने तर आणूच नका.